एक डबा रस्सा

मी फ्रीझरमधला डबा बोलतोय. आवाज जरा घोगरा वाटला तर समजून घ्या, इथं थंडी फार असते. शेजारी बर्फाचा ट्रे आहे, पण त्याच्याशी काय बोलणार? तो सारखा रिकामा होतो, पुन्हा भरतो, आणि मागचं सगळं विसरून जातो. मला मात्र सगळं आठवतं. एकट्यानं राहायचं तर आठवण्याशिवाय दुसरा उद्योग तरी काय असतो?

माझं घराणं काही मोठं नाही. एका कारखान्यातल्या साच्यातून माझ्यासारखे ढीगभर भाऊ धडाधड बाहेर पडले. आम्हाला एकात एक बसवलं, पिशवीत कोंबलं आणि कोपऱ्यावरच्या एका हॉटेलात पोचवलं. 'एकदा वापरून टाकून द्या' असं आमच्यावर छापलेलंच होतं. लोकांचं नशीब म्हणे कपाळावर लिहिलेलं असतं, आमचं बुडावर.

त्या हॉटेलात सकाळीच एका मोठ्या पातेल्यात लाल ग्रेव्ही रटरटत ठेवायचे. मग दिवसभर त्याच ग्रेव्हीत कधी बटाटा पडायचा, कधी वाटाणे, कधी अंडी. नाव बदलायचं, भाव बदलायचा, चव तीच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

एका संध्याकाळी रंगवाले आले. रंगवाले म्हणजे रंगाच्या दुकानात रंग जुळवून देणारे गृहस्थ. कुणी जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, कुणी खिडकीच्या चौकटीचा तुकडा, आणि म्हणायचं, अगदी असाच रंग हवा. मग हे पांढऱ्यात थेंब थेंब रंग टाकत, ढवळत, नमुन्याशी ताडून पाहत बसायचे. त्या दिवशी घरी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, ताप होता, म्हणून ते हॉटेलातून रस्सा न्यायला आले होते. माझ्यात रस्सा भरला, झाकण दाबलं आणि मी त्यांच्या घरी गेलो.

बाईंनी दोन घास खाल्ले आणि नाक मुरडलं. "अहो, तेलाचा तवंग बघा केवढा! आणि कांदा तर कच्चाच आहे."

"बरं मग, टाकून देऊ?"

"रस्सा टाका. डबा चांगला आहे, तो राहू द्या."

अशा रीतीनं एका वाक्यात माझा जीव वाचला. बाईंनी मला गरम पाण्यानं घासलं, पुन्हा घासलं, पण हळदीचा एक पिवळा डाग माझ्या बुडाशी राहिला तो राहिलाच. रंगवाल्यांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा पिवळा आमच्या छटांच्या कुठल्याच पुस्तकात नाही." मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मी बाईंचं स्वयंपाकघर पाहिलं आणि हॉटेलातलं माझं ज्ञान पार उतरलं. बाई कांदा परतायला घ्यायच्या आणि त्याच्यापुढून हलायच्याच नाहीत. कांदा पांढऱ्याचा गुलाबी, गुलाबीचा तांबूस होईपर्यंत त्यांचा हात चालू असायचा. मग आलं, लसूण, भाजून कुटलेला मसाला, टोमॅटो. कशाचंही माप नाही, सगळा अंदाज. लेकीनं एकदा विचारलं, "आई, मसाला किती घालायचा?" तर बाई म्हणाल्या, "पुरेसा." झालं शिकवणं!

रंगवाले जेवताना दुकानातल्या गोष्टी सांगायचे. एकदा ते म्हणाले, "एकानं दोन वेगळ्या दिवशी दोन डबे नेले होते, आज ते परत घेऊन आला. रंग एकच, पण छटेत बारीक फरक. भिंतीवर लावला असता तर सांधा दिसला असता. मग काय, दोन्ही डबे एका बादलीत ओतले आणि ढवळले. आता शोध म्हणावं सांधा!"

"आधी जेवा," बाई म्हणाल्या. पण त्या ऐकत होत्या, हे मला दिसत होतं.

लेक शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. घरात दोघंच उरली. आणि मग बाईंना ऑपरेशनसाठी दवाखान्यात जायची वेळ आली.

आदल्या दिवशी त्यांनी भलं मोठं पातेलं चढवलं. मध्ये दम लागला की स्टुलावर टेकायच्या, पुन्हा उठायच्या. घरात होते नव्हते तेवढे सगळे डबे रश्शानं भरले आणि फ्रीझरमध्ये रचले. "मी नसताना रोज बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "रोज एक काढायचा. डबे संपेपर्यंत मी आलेच."

रंगवाले दवाखान्यातून यायचे, एक डबा काढायचे, गरम करून भाताबरोबर खायचे. एकेक करून माझे सोबती बाहेर गेले. मी अगदी मागं होतो, म्हणून शेवटचा राहिलो. माझी पाळी यायची त्या दिवशी घरात खूप माणसं आली, आणि कुणालाच भूक नव्हती.

त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं नाही.

रंगवाले कोपऱ्यावरच्या त्याच हॉटेलात जेवायला लागले. हात धुवायच्या जागेशेजारी एक टेबल आहे, भिंतीकडे तोंड करून बसायचं. एकटी माणसं तिथंच बसवतात, हे मला माझ्या हॉटेलातल्या दिवसांपासून ठाऊक आहे. तिथं वाढणारा विचारतो, "नेहमीचंच ना?" आणि मान हलवली की संभाषण संपतं.

घरी आल्यावर ते फ्रीज उघडायचे. आमचा फ्रीज जुना, दिव्याचा थोडा उजेड वर माझ्यापर्यंत येतो. त्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसायचा. ते माझ्या झाकणावर अंगठा ठेवायचे, अंगठ्याच्या नखात कुठला ना कुठला रंग असायचा, आणि दार लावून घ्यायचे. पुन्हा अंधार. मला खायचं त्यांच्या जिवावर यायचं आणि टाकायचं तर त्याहून. मी आपला दगडासारखा गोठून बसलेला. माणसाच्या इतक्या जवळ असून त्याच्या काही उपयोगी पडू नये, याचं फार वाईट वाटायचं.

लेक यायची अधूनमधून. आली की पिशवी ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, घरी पसारा कशाला? बाहेर जाऊ." दोघं बाहेर जेवून यायची. मग ती मोबाइल बघत बसायची आणि रंगवाले रंगाचं पुस्तक चाळत. तिला ओट्याकडे बघवत नव्हतं, यांना त्याबद्दल बोलवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बस पकडायची. घर म्हणजे पिशवी ठेवायची जागा झालं होतं.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच लाईट गेली. फ्रीजची घरघर थांबली. थोड्या वेळानं माझ्या कडेवरून पाण्याचा पहिला थेंब ओघळला आणि माझं धाबं दणाणलं.

रंगवाल्यांनी शेजाऱ्यांना विचारलं. बाहेर मोठं काहीतरी जळालं होतं, संध्याकाळपर्यंत लाईट येण्याची आशा नव्हती. त्यांनी मला बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं आणि लेकीला फोन लावला.

"फ्रीझरमध्ये तुझ्या आईनं केलेला रस्सा आहे. वितळायला लागलाय."

पलीकडून प्रश्न आला, "आईनं केलेला? अजून?"

"एक डबा राहिला होता."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तू आलीस की दोघं मिळून खाऊ, असं म्हणत होतो. तू आलीस की बाहेर जायचं ठरायचं."

"बाबा..." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही खाऊन घ्या. वाया नका घालवू. मी उद्या येतेच आहे, आपण बाहेर जेवू."

फोन ठेवून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. आज मला खाऊन टाकलं की बाईंच्या हातची चव या घरातून कायमची जाणार होती, आणि उद्या लेक येऊन पुन्हा हॉटेलात जाणार होती. मग ते एकदम म्हणाले, "नमुना तर आहे!" आणि बाही वर सारून कांदे काढले.

आयुष्यात कधी कांदा न परतलेला माणूस. पहिल्या खेपेला कांदा कोळसा झाला. तो टाकला, पातेलं घासलं, पुन्हा कांदे चिरले. या वेळी ते पातेल्यापुढून हलले नाहीत. पांढरा, गुलाबी, तांबूस, सगळ्या छटा त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिल्या. रंगाचं त्यांना कोण शिकवणार? लाईट नाही म्हणजे मिक्सर नाही, म्हणून मसाला खलबत्त्यात कुटला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच काही मिरचीमुळे नव्हतं. टोमॅटो, बटाटे, पाणी, उकळी.

आणि मग जुळवणं सुरू झालं. माझ्यातला एक चमचा रस्सा छोट्या वाटीत गरम करायचा. "नमुना आणि माल सारखेच गरम हवेत," ते स्वतःशीच पुटपुटले. एक घोट बाईंचा, एक घोट स्वतःचा. मान हलवायची. "आंबट कमी." टोमॅटो वाढवायचा. पुन्हा एक चमचा माझ्यातला. "तिखट पुढं गेलं." पाणी घालायचं.

पण नमुना होता केवढासा? प्रत्येक वेळी चव बघायची तर एक चमचा कमी होणार. माझ्यातला रस्सा खाली खाली चालला, तसा त्यांचा हात आखडू लागला. आता अर्धाच चमचा घ्यायचे, मग नुसतं चमच्याचं टोक. मलाही धास्ती वाटत होती. रिकामा झाल्यावर माझ्यासारख्यांचं काय होतं, हे माझ्या बुडावर छापलेलंच होतं.

काहीतरी एक जुळत नव्हतं. मीठ बघून झालं, लसूण बघून झाला. रंगवाले डोळे मिटून चमचा तोंडात धरून उभे राहिले, आणि एकदम त्यांचे डोळे उघडले. त्यांनी साखरेचा डबा काढला. चिमूटभर टाकली, ढवळलं, चाखलं.

"अगं लबाड!" ते मोठ्यानं म्हणाले.

रश्शात साखर घातलेली त्यांना खपत नसे. हॉटेलात, पाहुण्यांत, जिथंतिथं ते अभिमानानं सांगायचे की आमच्याकडे असले गोड प्रकार चालत नाहीत. आणि बाई संसारभर मूग गिळून साखर घालत होत्या! ते हसत सुटले. त्या स्वयंपाकघरात किती दिवसांनी हसणं ऐकलं मी. मग हसता हसता ते बाईंच्या स्टुलावर बसले आणि तोंडावर टॉवेल धरला.

साखरेनंतर चव खूप जवळ आली. पण अगदी शेवटची छटा काही केल्या जुळेना. माझ्या तळाशी आता थोडासाच रस्सा उरला होता. त्यांनी आणखी एकदा चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"सांधा दिसायचा तो दिसणारच," ते म्हणाले. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि उरलेला सगळा रस्सा पातेल्यात ओतला. घोटभर गरम पाणी घालून मला विसळलं, तेही पातेल्यात. बराच वेळ सावकाश ढवळत राहिले, आणि दणदणीत उकळी आणून गॅस बंद केला.

मी रिकामा. ते केराच्या डब्याजवळ गेले तेव्हा माझा श्वास अडकला, पण त्यांनी टाकली ती कांद्याची सालं. मला धुऊन पालथं ठेवलं आणि माझा जीव भांड्यात पडला. लाईट अंधार पडता पडता आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. पिशवी खांद्यावरच. "चला बाबा, कुठे जायचं जेवायला?"

"हात धू. वाढतो."

ती थबकली. घरभर वास होता. पिशवी ठेवली, हात धुऊन पानावर बसली, भातात रस्सा कालवला, एक घास घेतला. रंगवाले समोर उभे, एखाद्या गिऱ्हाइकानं भिंतीवर रंगाचा पहिला हात मारून बघावा आणि दुकानदारानं श्वास रोखून धरावा तसे.

"साखर घातलीत?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, बाबा. तुम्हालाच तेवढं सांगायचं नव्हतं."

ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "तो डबा... यात आहे?"

"आहे. सगळ्यात मिसळलाय. आता वेगळा निघायचा नाही."

ती खाली मान घालून जेवत राहिली. मग ताट पुढं केलं. "अजून वाढा."

वाढण्याआधी रंगवाल्यांनी पातेल्यातला डावभर रस्सा काढून माझ्यात भरला. "पुढच्या वेळेसाठी," ते म्हणाले. घरात विरजण राखून ठेवतात ना, तसं. तेव्हापासून असंच चाललंय. नवा रस्सा होत आला की मला त्यात ओततात, आणि खाण्याआधी मला पुन्हा भरून ठेवतात. आता माझ्यात बाईंच्या हातचं किती उरलंय, हे रंगवाल्यांनाही सांगता येणार नाही. पण काहीच उरलं नाही, असंही कुणाला म्हणता येणार नाही.

माझी एक कड आता तडकलीय. झाकण नीट बसत नाही. एवढंच सांगायचंय, कुणाच्या फ्रीझरमध्ये असा एखादा जुना, डाग पडलेला डबा दिसला, तर साफसफाईच्या नादात तो न विचारता टाकू नका. कुणाचं तरी माणूस त्यात असतं.

लेक यायची ती येते, पण दर वेळी तिला जमत नाही. एरवी आम्ही दोघंच. संध्याकाळी दार उघडतं, उजेड येतो, झाकणावर अंगठा टेकतो. पूर्वी ते गप्प असायचे. हल्ली बोलतात.

"या खेपेला तिला सुट्टी नाही," काल म्हणाले. "तरी कांदे आणून ठेवलेत."

हे ते मला सांगतात की बाईंना, ते मी विचारत नाही.