सापडला, असं सांगू

गेल्या वर्षी उत्सवाच्या सुट्टीत तिचा नवरा मित्राबरोबर डोंगरावर गेला आणि परत आला नाही. वरच्या खिंडीत धुकं उतरलं, दोघांची चुकामूक झाली. मित्र हाका मारमारून घसा फोडून दुसऱ्या दिवशी एकटाच खाली आला, तेव्हा शहरात मिरवणूक निघाली होती. पोलीस झाडून सगळे बंदोबस्ताला. शोध घ्यायला माणसं वर पोचली तोवर पावसाने गाठलं. आठवडाभर शोधलं, पण टोपीसुद्धा मिळाली नाही. सरकारी भाषेत तो 'बेपत्ता' झाला.

घरात तिघी उरल्या. ती शाळांचे गणवेश शिवायची. बाहेरची खोली कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली, जेवायला बसायचं तर आधी बाह्या आणि कॉलर उचलून ठेवाव्या लागत. नणंद दातांच्या दवाखान्यात कामाला, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. आणि सासू. सासूने वर्षभरात उंबरा ओलांडला नव्हता. "तो आला आणि घरात कोणी नसलं तर?" एवढं एकच उत्तर. शेजारच्या लग्नाला नाही, बाजारात नाही, कुठेच नाही.

तेवढ्यावर भागलं असतं. पण उन्हाळ्यात सासूच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काढली तर निभावेल, उशीर नको. ऑपरेशन म्हणजे दवाखान्यात राहणं आलं. सासूने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो आला की जाऊ."

म्हणून यंदा उत्सवाच्या सुट्टीत तिघं डोंगरावर निघाले. ती, नणंद आणि तो मित्र. मित्र मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे सगळं शहर त्याला मास्तर म्हणायचं. गेल्या वर्षापासून त्याचं हसणं आटलं होतं. सुटीच्या दिवशी तो या घरी यायचा, नळ गळत असला तर दुरुस्त करायचा आणि सासूच्या नजरेला नजर न देता निघून जायचा. काहीतरी सापडावं, चप्पल, पट्टा, काहीही, म्हणजे आईला दाखवता येईल, असं नणंदेने ठरवलं होतं. सुनेने स्वतः काय ठरवलं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

निघताना सासू दारापर्यंत आली. "धुक्यात पुढे जाऊ नका," म्हणाली. "आणि भेटला तर म्हणावं, रागावले नाहीये मी."

चढण अंगावर येणारी होती. तिचा जन्म मशीनवर बसण्यात गेलेला. पहिल्याच तासात मांड्या दगडासारख्या झाल्या. मास्तर पुढे, मध्ये ती, मागे नणंद. खाली शहरात बँड वाजत होता. वारा इकडे वळला की ढोलाचे ठोके असे स्पष्ट यायचे, जणू मिरवणूक पाठोपाठ डोंगर चढतेय.

"ह्यांना दम लागत नाही का?" नणंद धापा टाकत म्हणाली. "सकाळपासून बडवतायत."

"गेल्या वर्षीही ऐकू येत होतं," मास्तर म्हणाला. "मी हाका मारत होतो आणि खाली हे चाललं होतं."



झाडी संपली, मग घसारा लागला. एक पाऊल वर टाकावं आणि अर्धं खाली घसरावं. दगड पायाखालून निसटायचे आणि बराच वेळ खाली गडगडत राहायचे. एका ठिकाणी ती अक्षरशः चार पायांवर आली, तळहात सोलवटले. मास्तरने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. राग नव्हता; पण हाच हात गेल्या वर्षी दुसऱ्या कुणासाठी पुढे व्हायला हवा होता, हा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

मुक्काम खिंडीत केला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मास्तरने त्यांना ती जागा दाखवली. डोंगराची धार तिथे अरुंद होत गेली होती आणि डाव्या हाताला एक खोल घळ.

"मी इथे पाणी प्यायला थांबलो. तो म्हणाला, तू थांब, मी पुढची वाट बघून येतो." मास्तरने हाताने दाखवलं. "त्या खडकापर्यंत तो मला दिसत होता. मग नाही दिसला."

"काही बोलला का जाताना?" तिने विचारलं. हा प्रश्न तिने वर्षभर विचारला नव्हता.

"बोलला ना. म्हणाला, बाटली संपवू नकोस, गाढवा."

नणंद हसली. हसता हसता तिने तोंडावर हात दाबून धरला.

घळीत उतरायला मास्तरने दोर बांधला. आधी तो उतरला, मग नणंद. ती वर दोराजवळ बसली होती. दोराला अचानक हिसका बसला आणि खालून दगड कोसळल्याचा आवाज आला. नणंदेच्या पायाखालची कपार सुटली होती. ती दोरावर लोंबकळत होती, किंचाळतही नव्हती, फक्त "वहिनी, वहिनी" असं हळू आवाजात म्हणत होती, शेजारच्या खोलीतून बोलावल्यासारखं. वर वहिनीने दोर पकडला. खडकाला टाचा रोवल्या. तळहातांची सालं पुन्हा निघाली. खालून मास्तर ओरडत होता, "डावा पाय! डावा पाय टेकव!" आणि किती वेळ कोण जाणे, पण अखेर दोर सैल पडला. नणंदेला खाली आधार मिळाला होता.

ती पाठोपाठ उतरली. कशी उतरली ते तिला नंतर आठवेना. खाली नणंद गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, कोपर रक्ताळलेलं. मास्तर घळीच्या तळाकडे बघत उभा होता.

"हे असं नव्हतं," तो म्हणाला. "इथून ओढा दिसायचा. आम्ही ओढ्यापर्यंत शोधलं होतं."

ओढा नव्हताच. पावसाळ्यात वरची अख्खी दरड खाली आली होती. घराएवढे धोंडे, लाल माती, उलटी पडलेली झाडं, आणि त्यावर आत्ताच उगवलेलं कोवळं हिरवं गवत. तो इथे असला, तर या सगळ्याच्या खाली होता. नसला, तर कुठेच नव्हता. शंभर माणसं आणि यंत्रं आणली तरी हे उपसलं जाणार नव्हतं, आणि ती कोणी आणणारही नव्हतं.

ती ढिगाऱ्यापाशी गेली, एक दगड उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मास्तर तिला थांबवायला पुढे झाला आणि मध्येच थांबला, आणि तोही दगड उचलू लागला. दोघं बराच वेळ दगड हलवत होते. ढिगाऱ्याला काहीच फरक पडला नाही.

"वहिनी, बास," नणंद म्हणाली. "ऊठ. दादा सापडला, असं सांगू."

"काय?"

"आईला सांगू. सापडला, आपण पाहिला, तिथेच दगड रचून आलो. मग ती दवाखान्यात येईल. तिला काय दाखवायचंय? आपण तिघं सांगू तेच खरं."

"मी नाही सांगायची."

"मग बसू दे तिला दाराकडे बघत? पोटात गाठ वाढवत?"

"तसं नाही गं." तिला नीट शब्द सापडेनात. "एकदा सांगितलं की मग मलाही ते ऐकावं लागेल."

नणंदेने तिच्याकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला. "माझा भाऊ आहे तो, वहिनी. मला काय सोपं आहे का?"

तिघं परत फिरले. शहरात शिरले तेव्हा उत्सवाचा शेवटचा दिवस होता. रस्त्यात कागदाच्या फुलांचा खच, थकलेले वाजंत्रीवाले पायरीवर बसून बूट काढत होते. कोणीतरी मास्तरला हाक मारून "काय, मजा केली का?" असं विचारलं.

सासू दारासमोर खुर्चीतच होती. तिघांचे हातपाय, कपडे बघितले. नणंद तिच्या पायाशी बसली आणि घळीत म्हणाली होती तसंच सगळं सांगितलं. सांगताना ती खरोखर रडत होती. मास्तर दाराला टेकून मान खाली घालून उभा होता.

सासूने ऐकून घेतलं. मग सुनेकडे वळली. "तू पाहिलास?"

खोलीत गणवेशांच्या गठ्ठ्यांचा नव्या कापडाचा वास होता. ती म्हणाली, "हो, आई."

"चेहरा शांत होता?"

"हो."

सासूने मान हलवली. पदर सारखा केला. रडली नाही. नणंद हळूच म्हणाली, "आई, आता उद्या डॉक्टरांकडे जाऊ या ना?"

"आता कशाला गं?" सासू म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजी संपलीय म्हणून सांगावं तसं. "तो यायचा होता म्हणून मला राहायचं होतं."

पुढचे कितीतरी दिवस नणंद तिच्या मागे लागली. रागावली, पाया पडली, डॉक्टरांना घरी घेऊन आली. शेवटी एका दुपारी तिने ओक्साबोक्शी रडत सगळं कबूल केलं. "खोटं होतं, आई. काही सापडलं नाही आम्हाला. चपलेचा तुकडासुद्धा नाही. तो कदाचित येईलसुद्धा!"

सासूने तिच्या केसांवरून हात फिरवला. "पुरे. मला धीर द्यायला आता काहीही रचू नकोस. तुझ्या वहिनीने पाहिलंय त्याला."

थंडी सुरू झाली तसं सासूने जेवण सोडलं. गाठीचं दुखणं वाढलं, मास्तर रोज औषध आणून द्यायचा, नणंद सुट्टी घेऊन उशाशी बसायची. शेवटच्या दिवसांत सासू सुनेला जवळ बोलवायची आणि तोच चेहरा पुन्हा सांगायला लावायची. डोळे मिटलेले होते का, केस कपाळावर आले होते का, ओठ कोरडे होते का. आणि ती सांगायची. रोज थोडं जास्त सांगायची, कारण म्हातारीला त्यानेच झोप लागायची.

सासू गेली त्यानंतर नणंद आणि ती त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. ती पुन्हा मशीनवर बसली, शाळा उघडायच्या आत कपडे द्यायचे होते. नवऱ्याचा हसरा चेहरा, त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात फ्रीजमागून डोकावणारा, तिला आठवायचा प्रयत्न करूनही येत नव्हता. डोळे मिटले की तिला दगडांखालचा तो शांत चेहराच दिसायचा, कपाळावर केस, कोरडे ओठ, जो तिने कधी पाहिलाच नव्हता.