मदतीचं स्वरूप

“बाईंना जरा बोलवा,” तपासनीस म्हणाला आणि बांधावरच फाइल उघडून बसला.

शिंप्याने गळ्यातली टेप सारखी केली. “ती नाही हो आता. तीन महिने झाले.”

तपासनिसाने पेनाला टोपण लावलं. शिंप्याची बायको गेल्याची बातमी कचेरीला आज कळत होती, अशी उन्हात, कांद्याच्या शेतात. कचेरीलाही कळवायचं असतं हे शिंप्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“वाईट झालं, काका.” तपासनिसाने फाइलचं पान उलटलं. “पण मग अनुदान थांबेल. ते जमिनीच्या मालकाला नसतं, कसणाऱ्याला असतं.”

“मग मी आहे की!”

“तुम्ही कसता?”

“म्हणजे काय? शेत आमचंच आहे.”

शेजारच्या शेतात शिंप्याची भावजय खुरपत होती. तिचं खुरपं थांबलं.

नियम साधा होता. नव्या कसणाऱ्याला पाच प्रश्न विचारायचे. तीन बरोबर आले तर नाव चढवायचं, नाहीतर शेत यादीतून बाहेर. बाहेर गेलेलं शेत परत कधी आत येतं हे तपासनिसालाही ठाऊक नव्हतं. बायकोने नऊ वर्षं यादीत टिकवलेलं शेत आपल्या हातून तीन महिन्यांत बाहेर जावं, हे शिंप्याला सहन होण्यासारखं नव्हतं. तो ताठ उभा राहिला.

“कांदा कधी लावला?”

“थंडीत.”

“थंडीच्या आधी!” भावजय तिकडून ओरडली.

“बाई, परीक्षा तुमची नाही. काका, रोपं कुठून आणली?”

“चांगल्या ठिकाणाहून.”

“दोन ओळींत अंतर किती?”

शिंप्याने डोळे बारीक केले. “सहा इंच. तिसरी ओळ पाव इंच आत आलीय.”

तपासनिसाने त्याचीच टेप मागून घेतली, वाकून मोजलं, आणि फाइलमध्ये एक बरोबरची खूण केली.

“खत किती वेळा दिलं?”

भावजयीने दोन बोटं वर केली.

“दोनदा,” शिंपी म्हणाला.

“कोणतं?”

हे काही बोटांनी सांगता येण्यासारखं नव्हतं. “भावोजी, खतच होतं म्हणावं!” भावजय म्हणाली.

तपासनिसाला हसू आवरेना. माणूस वाईट नव्हता. त्याने जुने अर्ज चाळायला घेतले. “मदतनीस म्हणून तुमचं नाव असेल तर काहीतरी करता येईल. हे बघा, आहे. मदत करणारी व्यक्ती, पती. मदतीचं स्वरूप…” तो अडखळला. “‘दुपारी डबा आणतात. बसून बोलतात.’”

“दरवर्षी हेच?” शिंप्याने विचारलं.

“नाही. चौथ्या वर्षी ‘फार बोलतात’ असं आहे.”

भावजय तोंडाला पदर लावून खाली बसली.

“मी याला ‘देखरेख’ म्हणतो,” तपासनीस म्हणाला. “नियमात बसेल.”

“नको,” शिंपी म्हणाला. “अर्ज तिचा आहे. तिने लिहिलंय तेच राहू द्या. आणखी काय लिहिलंय?”

“शेऱ्यात एकच गोष्ट आहे. ‘खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं. चर काढायची आहे.’ नऊही वर्षं.”

शिंप्याने खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तो रोज जिथे बसायचा तिथून तो कोपरा अगदी समोर होता.

“मला कधी बोलली नाही.”

“तुम्ही बोलू दिलंत तर ना, भावोजी,” भावजय म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही.

तपासनिसाने फाइल मिटली. “महिनाअखेर परत येतो. तेव्हा पाचही प्रश्न नव्याने विचारीन.”

तो गेल्यावर शिंप्याने खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि मातीवर रेघ मारून पाहिली. उमटली नाही.

“वहिनी, फावडं आहे?”

तिने आणून दिलं. काही सांगायला तोंड उघडलं, पण तो ऐकायला थांबलाय असं दिसल्यावर ती गोंधळली आणि एवढंच म्हणाली, “उताराकडून सुरुवात करा.”

त्याने उताराकडून सुरुवात केली. दुपारी तळहाताला फोड आले तेव्हा थांबला. तोवर तो एक शब्द बोलला नव्हता.

चर बत्तीस हात लांब लागेल. चार हात झाली आहे.