शनिवारचा पंप

बाईनं एक वेळ किराणा दुकान चालवावं, पर किराणा दुकानदाराशी लगीन करू नये. आमचे हे, पंचाक्षरी आप्पा, तुरीचा दाणासुद्धा दाताखाली फोडल्याबिगर घेत न्हाईत. त्या शनिवारी केजला सत्तारभाईच्या ग्यारेजात सकाळपास्नं बसलेले, मांडीवर गाडीचे तीन पंप घेऊन. अन् मी बाकड्यावर. जीव नुसता खाली-वर.

लेक स्वप्नाली सिरसाळ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. उद्यापास्नं तिला आठवा लागणार, अन् आठव्यात पोटुशी बाई आमच्यात येशीबाहेर काढत न्हाईत. म्हंजी आज आणली तर आणली, न्हाई तर महिनाभर तिथंच. पोरीनं निरोप धाडला व्हता, "आई, आप्पाला लौकर पाठव. हितं आता निभत न्हाई." माझी पोर रडकी न्हाई.

तिनं आपलं आपण यावं, तर तेबी न्हाई. माहेरचा मुराळी न्यायला गेल्याबिगर लेक उंबरा ओलांडत न्हाई. आपल्या पायानं आली की लोक म्हणतात भांडून आली, अन् मग सासरचं कुणी परत न्यायला येत न्हाई.

सकाळी निघालो, तर फियाटनं चौकातच आचके दिले अन् बसली. सत्तारभाईनं पंप खोलला. आतला पडदा उभा फाटलेला.

"पेट्रोल वर चढतच न्हाई, वैनी," तो म्हणला. "तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकून किती दिवस गाडी चालवणार? नवा टाका."

समोरच्या दुकानातनं त्यानं दोन पंप पसंतीवर आणले. एक कंपनीचा, एक दिल्लीचा डुप्लिकेट. तिसरा त्याच्याजवळचाच, मोडीत गेलेल्या फियाटचा. झालं! आमच्या मालकाला पसंतीवर माल दिला म्हंजी दिवस गेलाच. हा हातात घे, तो हातात घे. दोन्ही हातात धरून वजन बघ. कानाशी नेऊन हलव.

"दिल्लीचा दिसतो तर कंपनीसारखाच," हे म्हणले.

"दिसण्यावर जाऊ नका, शेठ. धारूरच्या घाटात दगा देईल. पोरीला घेऊन यायचंय ना? कंपनीचा घ्या."

"घेतो रे. पर जुना बी वाईट न्हाई. जुनं ते सोनं."

"अहो, सोनं घ्या न्हाई तर माती घ्या, पर उठा!" मी म्हणले. ऊन पार डोक्यावर आलं व्हतं.

तवा खरी गोष्ट बाहेर पडली. "आज शनिवार हाय," हे हळूच म्हणले. "नवं लोखंड घरात कसं न्यायचं?"

"लोखंड कुठंय? जस्ताचा हाय त्यो!" सत्तारभाई म्हणला.

त्यानं कुठून तरी चुंबक काढलं. पंपाच्या अंगाला लावलं, चिकटलं न्हाई. मी म्हणले, सुटलो बाई एकदाचे. तेवढ्यात ते पंपाच्या खालच्या दांडीला टच्चकन चिकटलं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"असं करा," सत्तारभाई म्हणला, "आज मीच इकत घेतो. तुमी उसना न्या, उद्या ऐतवारी माझ्याकडनं घ्या. शनी माझ्या दारात कशाला येतो?"

देवमाणूस! पर हे कसले ऐकतात. "पंप उसना, पर गाडी माझीच ना?" अन् पुन्हा तिन्ही पंप मांडीवर.

माझं टाळकं फिरलं. "मग जीपनं जा. धारूरच्या जीपा रिकाम्या हायेत का न्हाई?"

"माझी लेक जीपमदी कोंबून आणू?" हे ओरडले. "ती तिची सासू बायनाबाई दारात उभी राहून बघंल. लग्नात काय म्हणली व्हती, इसरलीस? ह्यांची गाडी नुसती दारात उभी करायला हाय म्हणून!"

विहीणबाईचं ते बोलणं ह्यांच्या काळजात रुतून बसलेलं. मला का कळत न्हाई? पर तिथं पोर वाट बघत आसंल, अन् हितं मानापानाचं वजन चाललेलं. मी बाकड्यावरनं उठावं, बसावं. रस्त्याकडं बघावं.

उन्हं कलली तवा समोर धारूरची जीप थांबली. माणसं उतरली, कोंबडीची पाटी उतरली, अन् सगळ्यात शेवटी मधल्या सीटवरनं एक हात पोटावर धरून माझी स्वप्नाली उतरली. दुसऱ्या हातात पिशवी.

हे ताडकन उठले. तिन्ही पंप खाली धुळीत. "अगं, मी येतच व्हतो! गाडीचा पंप..."

ती बापाकडं बघत राहिली. चेहरा धुळीनं पांढरा, ओठ सुकलेले.

"आप्पा," ती म्हणली, "मी गाडी न्हवती बोलावली. तुमाला बोलावलं व्हतं."

सत्तारभाईनं खुर्ची पुसून दिली अन् पाठ फिरवून पाने आवरायला लागला. मी तिला पाणी पाजलं. "सासूला सांगून आलीस का?"

"सांगितलं. म्हणल्या, आपल्या पायानं चाललीस, न्यायला कुणी येणार न्हाई." तिनं तोंड पुसलं. "सकाळपास्नं लुगडं नेसून दारात बसले व्हते, आई. शेजारपाजारच्या बाया इचारत व्हत्या, मुराळी कावून आला न्हाई म्हणून."

हे खाली वाकले. कंपनीचा पंप उचलला, धोतराला पुसला. "सत्तार, हा बसव."

"शेठ, शनिवार..."

"बसव म्हणतो ना! पोरीला वेळी-अवेळी दवाखान्यात न्यावं लागंल."

पंप बसला. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. ह्यांनी मागचं दार सोताच्या हातानं उघडलं अन् धरून उभे राहिले. पोर बघून न बघितल्यासारखं करून उठली.

"घर हितंच हाय," ती म्हणली. "चालत जाते."

मी पिशवी घेतली अन् तिच्यासंगं चालायला लागले. मागं वळून बघितलं न्हाई. पर पार घरापातूर आमच्या पाठीशी फियाटचा आवाज येत व्हता, सावकाश, एकदाबी आचका न देता.