पुलावर पाठवलेला जावई

उद्यानाच्या माहिती केंद्रात सगळा डोंगर काचेखाली मांडून ठेवला होता. बटण दाबलं की दिवे लागत: इथे धबधबा, इथे वानरं, इथे जुना उंबर. बागेतल्या झुलत्या पुलालाही एक दिवा होता आणि खाली त्याची लांबी-रुंदी लिहिली होती. लग्नाआधी जी जोडी हातात हात घालून या पुलावरून जाते तिचं लग्न मोडतं, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. सरकारी माहिती नेहमी अशी अर्धीच.

उरलेली अर्धी एंतीनबाईंना पाठ होती. त्यांचं माहेर याच डोंगराच्या पायथ्याचं. रविवारची सहल त्यांनी इथे काढली ती काही उगाच नाही.

त्यांच्या लेकीने, नुनुंगने, परस्पर लग्न ठरवलं होतं. आणि मुलगा कुठला, तर जावानीज! जावा बेट एकच, पण हे पश्चिमेचे सुंदानी आणि तो पूर्वेचा. कैक शतकांपूर्वी तिकडच्या दरबाराने इकडच्या राजकन्येला सून म्हणून बोलावून दगा दिला, अशी कथा आहे. लोक ती विसरत चालले होते. एंतीनबाईंचा विसरण्याचा विचार नव्हता. शिवाय हा प्रायोगो भाजीतसुद्धा गूळ खाणारा, आणि काहीही म्हणा, त्याचं आपलं 'हो, इबू,' म्हणजे 'हो, आई.' ज्याच्याशी भांडता येत नाही तो जावई घेऊन करायचं काय?

"जा, पलीकडे ऑर्किडं बघून या दोघं," पुलाशी आल्यावर त्या म्हणाल्या.

"तू नाही येत, अंबू?" नुनुंगने आईला विचारलं.

"माझे गुडघे बघ. आणि तुझ्या आबांना उठवणार कोण?"

यजमान, ओदिंग आबा, झाडाखाली चटई अंथरून केव्हाच आडवे झाले होते.

प्रायोगो पुलाच्या तोंडाशी थबकला. एकदा पुलाकडे, एकदा एंतीनबाईंकडे त्याने पाहिलं.

"अरे, हात धर की तिचा!"

"इथे? तुमच्यासमोर, इबू?"

"पूल हलतो. पडली-बिडली म्हणजे? धर म्हणते ना!"

आबांनी एक डोळा उघडला. "तुझी तब्येत बरी आहे ना?"

प्रायोगोने हात धरला. दोघं निघाली. मध्यावर पोचल्यावर तो थांबला, वळला आणि एंतीनबाईंकडे बघून चांगला कमरेत वाकला. पूल हलला तशा एंतीनबाई इकडे जमिनीवर उभ्या राहून हलल्या. एवढं वाकायची काही गरज होती का मेल्याला?

परतल्यावर केळीच्या पानातला भात सुटला. तळलेली मासळी, सांबालची झणझणीत चटणी आणि पेताईच्या कच्च्या शेंगा. त्या शेंगांचा वास असा की परका माणूस पंगतीतून उठून जावा. प्रायोगोने पानातले सगळे दाणे संपवले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुम्ही हात धरायला सांगितलंत, इबू," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, मी तुम्हाला पसंत नाही. आईला आज फोन करून सांगणार आहे."

एंतीनबाईंच्या घशात भात अडकला. आबांनी पाणी दिलं. पाण्याने भात खाली गेला. बाकीचं वरच राहिलं.

"आणखी पेताई?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"हो, इबू. छान आहे."

"छान?" नुनुंग भडकली. "परवा तर म्हणालास, वासानेच मळमळतं!"

"आज छान लागली."

"खोटं! तुला कुणाला नाही म्हणता येतं का रे? उद्या कुणी विहिरीत उडी मार म्हणालं तर विचारशील, कुठल्या विहिरीत?"

"नुनुंग, ऐक…"

"मला अशा माणसाबरोबर जन्म काढायचा नाही!"

ती पान तसंच टाकून गाडीकडे चालती झाली. आबा उठले, चपला शोधल्या आणि लेकीची समजूत काढायला तिच्यामागे गेले.

पुलाने घटकाभरही वाट पाहिली नव्हती. एंतीनबाईंना हवं होतं तेच झालं होतं, आणि चटईवर ओली पानं गोळा करणाऱ्या त्या पोराकडे त्यांना बघवत नव्हतं.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "ऐक. तो पूल… लग्नाआधी त्यावरून जायचं नसतं. जोडी तुटते. मला ठाऊक होतं. म्हणूनच पाठवलं तुम्हाला."

प्रायोगोने पानांची नीट घडी केली.

"मलाही ठाऊक होतं, इबू. तिकीट देणाऱ्या माणसाने बजावलं होतं."

"आणि तरी गेलास? मुडद्या, तुझा विश्वास नाही का असल्या गोष्टींवर?"

"आहे ना. पाय लटपटत होते माझे."

"मग?"

"तुम्ही पहिल्यांदाच मला काही करायला सांगितलंत. नाही कसं म्हणणार?"

तो चिडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. राजकन्येचा विषय काढता आला असता.

"मी आत्ता जाऊन तिला सगळं सांगते," त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "माझं चुकलं म्हणते."

"नको, इबू! मला ठाऊक असून मी गेलो, हे कळलं तर ती खरंच लग्न मोडेल." आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना नको म्हणाला होता. तेही नेमकं इथे.

गाडीपाशी नुनुंग हाताची घडी घालून उभी होती.

"काय बोलत होतात इतका वेळ?"

"काही नाही. जेवण कसं झालं, विचारत होते."

"आणि काय म्हणाला?"

एंतीनबाईंनी प्रायोगोकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"छान म्हणाला."

"बघ! बघितलंस, आबा?" नुनुंग पुढच्या जागेवर जाऊन बसली आणि तिने दार आपटलं.

"पोरगा आहे हो चांगला," एंतीनबाई काचेतून म्हणाल्या. "रोज्यांच्या महिन्याआधीच उरकून टाकू लग्न."

"सकाळी तर दोन वर्षं थांबा म्हणत होतीस," आबा म्हणाले.

"सकाळचं सकाळी!"

नुनुंगने मागे वळूनही पाहिलं नाही. मागचं दार उघडून प्रायोगो बाजूला उभा राहिला. खिडकीची जागा त्याने त्यांच्यासाठी ठेवली होती. वाऱ्याने एंतीनबाईंचं डोकं दुखतं. पण नको म्हणायला त्यांचं तोंड उघडेना. त्या मुकाट्याने आत सरकल्या.