सोफ्याच्या पोटातला व्हिडिओ

आमच्या ह्यांना फोटोत हसता येत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा चेहरा असा, जणू दात काढायला बसवलंय. अशा माणसाला घेऊन दुकानाच्या जाहिरातीचा व्हिडिओ करायचा, ही कल्पना माझ्या भाचीची. मी ती लगेच उचलून धरली, कारण दुकान बंद पडायची वेळ आली होती.

आम्ही दोघं जुने सोफे नव्याने मढवून देतो. हे सांगाडा दुरुस्त करतात, स्प्रिंगा बांधतात, कापड ठोकतात. मी मशीनवर गाद्यांच्या खोळी शिवते. हल्ली लोक जुना सोफा सरळ टाकून देतात आणि पलीकडच्या शोरूममधून नवा आणतात. त्याच शोरूमच्या मालकाने ह्यांना नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत कळवा म्हणाला होता. हे तिकडे गेले की दुकानाला कुलूप लागणार आणि मी घरी भिंतींशी गप्पा मारणार. मला दुकान हवं होतं. ह्यांना काय हवंय हे विचारायची सोय नव्हती, कारण दिवसभर ह्यांच्या तोंडात खिळे.

खोटं नाही सांगत. बारीक काळे खिळे तोंडात भरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाला लावायचा आणि ठोकायचा. जुने कारागीर असंच काम करतात. ओठांच्या फटीतून बोलताना ह्यांची गाडी सुसाट सुटते, पण ते काय बोलतात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तोंड रिकामं केलं की मात्र हे मुके.

भाचीने आल्या आल्या तेच केलं.

"काका, खिळे काढा. आणि चष्माही काढा, काच चमकते."

पाठीचं कापड काढलेला एक सोफा मध्ये उभा होता. तिने फोन त्याच्या आतल्या लाकडी पट्टीवर टेकवला, मध्येच कुणाचा कॉल येऊ नये म्हणून फ्लाइट मोड लावला आणि रेकॉर्डिंग सुरू करून ह्यांना समोर स्टुलावर बसवलं.

"हं, काका, बोला."

"नमस्कार," हे म्हणाले आणि थांबले.

"पुढे?"

"पुढे काय? झाला की नमस्कार."

मग भाचीचं लक्ष ह्यांच्या शर्टाकडे गेलं. खांद्यावर डिंक, खिशावर खडू. "मावशी, मी घरून धुतलेला शर्ट आणते. फोन असाच चालू राहू दे. काका, तोवर सराव करा."

ती गेली. मी मशीनवर बसले आणि ह्यांना जरा डिवचलं, म्हटलं रागाने तरी बोलतील.

"अहो, हसून एवढंच म्हणायचं, की सोफा टाकू नका, आमच्याकडे आणा."

"हसायचं कशाला? सोफा मोडलाय त्यांचा."

"मग जा त्या शोरूममध्ये! छातीवर नावाची पट्टी लावून उभे राहा."

"जातो. तिथे डोकं खायला कुणी नसेल."

मी फणकाऱ्याने मशीन सुरू केलं. मशीनचा खडखडाट आणि ह्यांची ठकठक, दुकानात दुसरं काही ऐकू येईना. हे खिळे पुन्हा तोंडात भरून काहीतरी पुटपुटत होते. शिव्या घालत असतील म्हणून मी दुर्लक्ष केलं.

भाची शर्ट घेऊन परतली आणि दारातच थबकली. "माझा फोन कुठाय?"

मी सोफ्याकडे पाहिलं. त्याची पाठ व्यवस्थित बंद झाली होती, कापड ताणून, खिळे ओळीत. हात रिकामे राहिले की ह्यांना चैन पडत नाही. चष्म्याशिवाय काळा फोन दिसला नाही, आणि उघडी पाठ मात्र दिसल्यावाचून राहिली नाही.

"काका! तुम्ही माझा फोन सोफ्यात ठोकलात?"

ह्यांनी नुसतं तोंडाकडे बोट दाखवलं. तोंडात खिळे होते.

कॉल करून उपयोग नव्हता. शेवटी ह्यांनी ते सगळं पुन्हा उचकटलं. फोन ठणठणीत होता आणि रेकॉर्डिंग अजून चालू होतं. आम्ही तिघांनी ते लावून पाहिलं. आधी ह्यांचे गुडघे, मग खाली येणारं कापड, मग मिट्ट काळोख. त्या काळोखात माझा आवाज. एवढा कर्कश आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग ठकठक सुरू झाली, आणि फोनच्या अगदी जवळून, खिळ्यांच्या फटीतून ह्यांचं पुटपुटणं.

"जातो म्हणे. तिथल्या गाद्या मशीनच्या पोटातून येतात, कोपरे बघा त्यांचे. हिने शिवलेली खोळ कशी बसते, हातमोज्यासारखी. हिच्याशिवाय मी काय ठोकत बसू तिथे? मरू दे ती नोकरी. पण हिला सांगायचं कसं, हिला वाटेल आळशी आहे..."

भाचीने आवाज वाढवला. माझे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून मी उगाच सुई शोधू लागले. ह्यांचे कान लाल झाले होते.

"पुसून टाक ते," हे म्हणाले.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "हेच टाक."

भाचीने तेच दुकानाच्या नावाने इंटरनेटवर टाकलं. काळोख, भांडण, पुटपुटणं आणि शेवटी कापड उचकटून आत डोकावणारा ह्यांचा घाबरा चेहरा. लोकांना काय आवडेल याचा नेम नाही. एका बाईंनी फोन करून जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या मढवायला दिल्या आणि वर बजावलं, "काकांना बोलू द्या हं, अडवू नका."

सोमवारी शोरूमवाल्याचा फोन आला. ह्यांनी सगळे खिळे तळहातावर काढले, तोंड पुसलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नाही जमणार. इथे काम पडलंय."

मग माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? शिव की!"

मी मशीन सुरू केलं. पण पाय हलकाच ठेवला, म्हणजे हे पुन्हा काही पुटपुटले तर ऐकू येईल.