गिझरबंदी

"हे पाणी गरम आहे!" बादलीतला हात झटकत कृष्णकांत साहेब ओरडले. "पहाटे पाच वाजता चोरून पाणी तापवता? महमूद, तुमची रजा खलास!"

महमूदचाचा कमरेला टॉवेल गुंडाळून उभा होता. येत्या शुक्रवारी रत्नागिरीला त्याच्या मुलीचा, अमरीनचा निकाह होता. दोन वर्षं हा माणूस ओमानमधल्या इब्रीच्या या खजुराच्या बागेत राबला तो याच रजेसाठी.

साहेब जानेवारीत पुण्याहून आमच्यावर देखरेखीला आले, ते पणजोबांचं शंभर वर्षांपूर्वीचं चोपडं घेऊनच. स्वच्छतेनं राहा आणि शंभर वर्षं जगा, असं त्यात छापलेलं. आम्ही सहा गडी शंभर वर्षं खजूर उतरवत राहावं, असा साहेबांनी ध्यासच घेतला. घास बत्तीस वेळा चावायचा. खिडक्या उघड्या टाकून झोपायचं, मग अंथरुणात वाळूचा ढीग झाला तरी चालेल. आणि सूर्योदयाआधी गार पाण्यानं अंघोळ. भिंतीवर तक्ता लागला. नावापुढं फुली पडली की रजा रद्द.

गरम पाण्यानं माणूस ढिला पडतो, म्हणून आमचा गिझर काढून गोदामात टाकला. साहेबांचा तेवढा राहिला, कारण त्यांना सायनस. थंडीभर आम्ही खोकत, कुडकुडत आयुष्य वाढवत होतो. आमच्यातल्या जैनुद्दीननं एकदा विचारलंच, "सायेब, पणजोबा किती जगले?"

"एक्केचाळीस. पण ते प्लेगनं गेले," साहेब म्हणाले.

आता मेअखेर होती. बागेतली माती अनवाणी पाय टेकू देत नव्हती. गच्चीवरची टाकी दिवसभर भाजायची, पहाटेपर्यंत निवत नव्हती.

"मी नाय तापवलंय, सायेब," चाचा म्हणाला. "नळालाच असा पानी येतंय."

"नळाचं पाणी गारच असतं! मी रोज त्यानंच अंघोळ करतो."

"मग चला तुमच्या न्हाणीत."

चाचाचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. वरात निघावी तसे आम्ही सगळे मागोमाग गेलो. साहेबांनी रोजचा नळ सोडला. गारेगार पाणी.

"बघा!" साहेब छाती काढून म्हणाले.

चाचानं शेजारचा, थेट टाकीचा नळ सोडला. "आता ह्यात घाला हात."

"आई गं!" साहेब मागं सरकले. "मग ते गार कसं?"

"त्यो गिझरचा नळ. उन्हाळ्यात तुमी बटन लावत नाय ना? मग टाकीचा पानी त्यात पडून र्‍हातंय, सावलीत निवतंय. अख्खा इब्री असाच न्हातंय, सायेब. आमचा गार पानी तुमी गोदामात टाकलाव."

साहेबांनी चोपडं काढून उलटसुलट चाळलं. त्यात गिझर नव्हता आणि ओमानही नव्हतं. मग गुपचूप तक्त्यावरची फुली खोडली, रजेवर सही केली.

दुपारी आमचा गिझर परत भिंतीवर चढला. खाली साहेबांनी कागद चिकटवला: 'गार पाण्याच्या अंघोळीसाठी गिझर आवश्यक. हुकमावरून.' जणू हा शोध त्यांच्या पणजोबांनीच लावला होता.

चाचा त्या पाण्यानं मनसोक्त न्हाला आणि पिशवी उचलून मस्कतच्या बसकडं निघाला.

"साहेबांना निकाहाचं आमंत्रण दिलंस का?" मी विचारलं.

"नको रे बाबा," चाचा म्हणाला. "त्यो बिर्याणीचा घास बत्तीस वेळा चावीत बसला, तर दुसरी पंगत कवा बसायची?"