मावशींना सुट्टी

आमच्या आईला एक खोड आहे. घरी कुणी येणार म्हटलं की ती राजेंचं सगळं सामान लपवते. कमोडची खुर्ची मागच्या गॅलरीत, रबरी चादरी कपाटात, उचलायचा पट्टा पलंगाखाली. राजे म्हणजे माझा धाकटा भाऊ. जन्मापासून हातपाय कडक, जीभ जड, डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. सगळं जागेवर आणून द्यावं लागतं म्हणून ही पदवी त्यानं स्वतःच घेतली, आणि आम्हीही अहोजाहो करतो.

त्या दिवशी येणारी बाई मात्र पाहुणी नव्हती. सरकारी ऑफिसची तपासनीस होती. राजेंना सांभाळायला सकाळ-संध्याकाळ सरकारकडून मदतनीस मावशी येतात, त्यांची खरंच गरज आहे का, हे बघायला ती येणार होती. मावशी बंद झाल्या तर या वयात आईला काही राजेंना उचलणं जमायचं नाही, मी नोकरी सोडली तर खायचं काय, म्हणजे उरली ती शहराबाहेरची अपंगांची संस्था. तिथे एकदा राजेंना काही दिवस ठेवलं होतं. परत आले तेव्हा पाठीला जखमा होत्या आणि कितीतरी दिवस बोलायलाच तयार नव्हते. आईला दहादा बजावलं होतं, काही आवरू नकोस, आहे तसं दिसू दे.

आणि मी कामावरून धापा टाकत पोचते तर काय, घर लख्ख! राजे इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून, उशांच्या आधारानं सोफ्यावर बसवलेले. मावशी कुठेच दिसेनात. आईनं त्यांना सुट्टी दिली म्हणे, परक्या बाईसमोर कशाला आपलं रडगाणं. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यात बेल वाजली.

बाई चांगली होती, हीच तर पंचाईत. भांडायला जागाच नाही. ती मऊ आवाजात विचारत होती आणि आई नाक वर करून उत्तरं देत होती. हातानं जेवतात का? हो तर. रात्री झोप? अगदी शांत. शांत कसली डोंबलाची, रात्रीतून उठून उठून कूस बदलावी लागते, नाहीतर कातडी सोलवटते. बाईनं खोलीभर नजर फिरवली आणि छान जमवलंय तुम्ही, असं म्हणाली. मी गॅलरीतून खुर्ची ओढत आणली, पट्टा काढून दाखवला, घास कसा अडकतो, अंघोळ कोण घालतं, सगळं भडाभडा बोलले. भावाच्या तोंडावर. राजे भिंतीकडे बघत होते. बाई गोंधळून आईकडे बघायला लागली, तर आई म्हणते कशी, ही जरा वाढवूनच सांगते. आईचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

मग राजे बोलले. एकेक शब्द जुळवत, वेळ घेत.

"मला लघवी लागलीय."

आई झटकन उठली.

"आई, बस. ताई, तूही." मग बाईकडे मान वळवायची धडपड करत म्हणाले, "मावशी नसल्या की काय होतं, ते बघा."

कुणीच हललं नाही. आईनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. राजेंनी सोफ्याचा काठ पकडायला बघितलं, बोटं घसरली, ते एका अंगावर कलंडले आणि पँट ओली होत गेली. गुडघ्यापर्यंत, मग फरशीवर. एवढा मोठा दाढीमिशीवाला माणूस. इतकी वर्षं आई त्याला चारचौघांत याच एका गोष्टीपासून वाचवत आली होती, आणि आता नुसती बघत बसली होती, कारण त्यानंच तसं सांगितलं होतं.

बाईनं मान खाली घातली. मावशींचे तास आहेत तसेच ठेवते, असं हळूच म्हणाली. या वर्षापुरते. पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी बघायला येईल. मी तिला सोडायला गेले, दार लावलं आणि तिथेच उभी राहून रडायला लागले.

आतून राजेंचा आवाज आला.

"ताई, आधी मला पूस. मग रड."